वॉलनट रंगाचा पाट

नारळी पौर्णिमा झाली की माझं डोकं फिरतं. नवऱ्याला हे पाठ झालंय. तिथून गणपतीपर्यंतचे पंधरा-वीस दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो, डबा घेतो आणि गोडाऊनच्या ड्युटीला निघून जातो. शहाणा माणूस आहे.

लोक या दिवसांचं काय काय कौतुक करतात! हिरवंगार काय, ऊन-पावसाचा खेळ काय. या म्हणावं एकदा आमच्या गावाला, पूर्ण्याला. पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. मिठाच्या बरणीत पाणी, पापडाच्या डब्यात पाणी, काडेपेटी ओढावी तर गुल गळून पडतो. कंटेनर जाऊन जाऊन रस्त्याला जे खड्डे पडलेत त्यांत चहाच्या रंगाचा चिखल. गोडाऊनच्या पत्र्यांवरून दिवसभर ठिबकत असतं. आणि भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा तो आंबूस वास. आमची भातं होती तिथे आता तो वास उभा असतो. भात निसवताना कसा गोड वास सुटायचा, हे मी माझ्या मुलीला सांगायला गेले तर ती म्हणाली, "आई, तू परत सुरू झालीस."

हो, झाले सुरू. मला राग येतो, तो मी गिळत नाही. चार वर्षांपूर्वी एकदाच गिळला होता, तो अजून घशात आहे.

माझा धंदा लाकडाला रंग लावण्याचा. गोडाऊनवाले माल उतरला की खालचे लाकडी पॅलेट टाकून देतात. पाइनचं पांढरं, मऊ, परदेशातून आलेलं लाकूड. मी ते उचलते, खिळे उपसते, रंधा मारते आणि त्याची टेबलं, शेल्फं, चपलांची कपाटं बनवते. माझा गाळा गोडाऊनच्या मागच्या भिंतीला लागून आहे. शेजारच्या काल्हेरला एवढे टॉवर झालेत, त्यांतल्या नव्या फ्लॅटवाल्यांना हे फार आवडतं. फक्त पाइन पाइनसारखं दिसलेलं त्यांना चालत नाही. "वॉलनटमध्ये द्या ना." अक्रोडाचं झाड यांच्या सात पिढ्यांनी बघितलेलं नाही, पण घरात सगळं वॉलनट पाहिजे. मग मी जेल स्टेनचा डबा उघडते.

जेल स्टेन म्हणजे एक नंबरचा खोटारडा पदार्थ. दिसायला घट्ट चॉकलेटी मलम, डब्यात काडी उभी राहील इतका घट्ट. साधा पातळ स्टेन लाकडात मुरतो, आणि पाइनमध्ये मुरला की चट्टे पडतात. हा मुरत नाही. वरच बसतो आणि आतलं लाकूड काय आहे ते कुणाला कळू देत नाही. जुन्या बनियनच्या कापडाने घ्यायचा, गोल गोल चोळायचा, आणि दोन-तीन मिनिटांत लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसून काढायचा. खरं कसब पुसण्यात आहे. जो हावरटासारखा थापतो आणि पुसत नाही, तो मेला. मग थांबायचं. कोरड्या हवेत एक दिवस, आमच्या या दिवसांत तीन, कधी चार. वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. हाताचा तळवा टेकवायचा आणि उचलायचा. तळवा आपोआप सुटला तर वाळला. उचलताना चट्ट आवाज आला तर गुपचूप बाजूला व्हायचं.

हे सगळं आज सांगायचं कारण, गेल्या मंगळवारी माझा थोरला भाऊ गाडीतून एक चादरीत गुंडाळलेली वस्तू घेऊन गाळ्यावर आला. आम्ही आगरी, थोरल्या भावाला दादूस म्हणतो. दादूस काल्हेरला राहतो, बाराव्या मजल्यावर. त्याने चादर सोडली. आमच्या गणपतीचा पाट होता.

"बुरशी धरलीय याला," दादूस म्हणाला. "वरून जरा चकाकी मार. पण मधला ठसा सांभाळ हां, शैले. बाप्पाचं पाऊल हाय ते."

मी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काडीचीही शंका नाही. पाटाच्या मधोमध एक वेडावाकडा गोल, त्यात माती आणि तांदळाचे दाणे चिकटून काळे पडलेले. त्याभोवती वॉलनट रंग. माझाच.

"कधी देशील?"

"वाळला की."

तो हसला आणि गेला. मी तो पाट भिंतीकडे तोंड करून ठेवला.

हा पाट बाबांनी केलेला. माझे बाबा सुतार. आमच्या आळीत बाकी सगळे भातशेती आणि खाडीवर, बाबा मात्र शहरात, निजामपुऱ्यात, लूमची म्हणजे यंत्रमागांची लाकडी कामं करायला जायचे. लहान असताना मी त्यांच्याबरोबर एकदा गेले होते. गल्लीत शिरलं की आधी पायांना ती खटखट कळायची, मग कानांना. बाबा आत शिरले की हाताच्या खुणांनी बोलायचे, आणि संध्याकाळी घरी आले तरी पहिला तासभर ओरडूनच बोलायचे. आय म्हणायची, "आवो, लूम तिथंच ठेवून या ना!"

एका कारखान्यातल्या जुन्या लूम भंगारात निघाल्या तेव्हा बाबांनी त्यांतल्या लाकडाच्या तीन फळ्या मागून घेतल्या. ज्या फळीवरून सुताचा धोटा इकडून तिकडे धावतो ती फळी. वर्षानुवर्षं धोटा धावून ती अशी गुळगुळीत झालेली की बाबा म्हणायचे, हिला मी रंधा मारणार न्हाय, हिला सुतानंच रंधा मारलाय. तीन फळ्या जोडून त्यांनी गणपतीचा पाट केला. रंग नाही, पॉलिश नाही. दरवर्षी नारळी पौर्णिमेला तिळाच्या तेलाचा हात फिरवायचा, झालं. ते तेल फिरवायचं काम माझं असायचं. दादूस तेव्हाही मखराला चमकीचा कागद चिकटवत असायचा.

बाबांना रंगाचा भारी तिटकारा. मी गाळा सुरू केला तेव्हा एकदा आले, पॅलेटचं टेबल बघितलं, वास घेतला. "शैले, लाकूड चांगलं हाय. त्याचं तोंड का काळं करतंस?" मी म्हटलं, बाबा, लोकांना हेच पाहिजे. त्यानंतर ते पुन्हा गाळ्यात आले नाहीत. बाहेरूनच हाक मारायचे. मला तेव्हा त्यांचाही राग यायचा. स्वतः आयुष्यभर लोकांना पाहिजे तेच केलं, आणि मला शिकवतात!

आमचा गणपती पूर्ण्याच्या घरात बसायचा, पुढच्या खोलीच्या उजव्या कोपऱ्यात. घर मोठं नाही, दोन खोल्या आणि वर पत्रा. तरी गावातली अर्धी आळी आरतीला आमच्याकडे. चार वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले. आय तर आधीच गेलेली. तेव्हा दादूसने टूम काढली की गणपती यंदा काल्हेरला आणू या.

"तुमाला उठबस जमनार हाय का?" तो म्हणाला. "एक वर्ष आमच्याकडं. लिफ्ट हाय, कमोड हाय, तुमी नुसतं बसून आरती करा."

बाबा बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "एकच साल."

"एकच साल."

"पुढल्या साली गणपती पूर्ण्याला."

"आवो हो, बाबा! मी काय पलवून नेतंय का?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. वहिनीनेही ऐकलंय. तिथे आम्ही चौघेच होतो.

मग सुरू झालं दादूसचं नाटक. हॉलमध्ये वॉलनटचा टीव्ही युनिट, वॉलनटचं मखर. त्यात बाबांचा तेलकट, पिवळट पाट म्हणे "मॅच" होत नाही. चतुर्थीच्या आधी चार दिवस तो पाट घेऊन गाळ्यावर हजर. बाबांना विचारलंस का, म्हटलं. म्हणाला, त्यांना सरप्राइज देऊ. तेव्हाच तो पाट त्याच्या डोक्यात घालायला पाहिजे होता.

मी नाही म्हणाले नाही. आता कितीही दात-ओठ खाल्ले तरी हे खरं आहे. मला वाटलं, बाबांनी एकदा तरी माझं काम बघावं. आणि दादूसने चारचौघांत म्हणावं, हे शैलाने केलं.

निजामपुऱ्यातल्या ज्या दुकानातून मी स्टेन आणते त्याचे मालक अब्दुलचाचा. बाबांना ओळखतात, लूमच्या दिवसांपासून. डबा देताना मी म्हटलं, चाचा, इस बार पुराना पाट है, तेलवाला. त्यांनी डबा हातातून सोडलाच नाही.

"तेल लगी लकड़ी पे मत लगाना, बेटी. पकड़ेगा नहीं, सूखेगा भी नहीं. पहले थिनर से पूरा तेल निकाल, फिर पेपर मार के नंगी कर दे. तब लगा."

"इतना टाइम नहीं है चाचा."

"तो मत लगा."

इतकं सरळ कुणी सांगितलं नसेल. मी डबा घेऊन आले. थिनरचा बोळा पाटावर फिरवला, तपकिरी तेल निघालं. पुन्हा फिरवला, पुन्हा निघालं. वर्षानुवर्षांचं तेल ते, वर माझ्याच हाताने घातलेलं. मग पॉलिश पेपर घेतला. आणि तो पेपर त्या गुळगुळीत फळीवर टेकवला तेव्हा माझा हात चालेना. धोट्याने जी फळी घासली, जिच्यावर बाबांनी रंधा लावला नाही, ती मी पेपरने खरवडू? नाही जमलं. मी पेपर ठेवून दिला आणि तसाच वरून स्टेन लावला.

म्हणजे बघा, काय अक्कल! खरवडायला जीव धजावत नव्हता, पण काळं करायला धजावला. धंद्यातली एवढी साधी गोष्ट, शाळेतल्या पोरीलाही सांगितली तर कळेल. वर मी स्वतःशी म्हणाले, एकच हात देऊ, नीट पुसू, चार दिवसांत वाळेल.

कदाचित वाळलाही असता, अर्धामुर्धा. पण दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले असताना दादूस येऊन गेला. रंग त्याला फिका वाटला. त्याने स्वतः डबा उघडला आणि ब्रशने जाड थर दिला. पुसला नाही. फोनवर मला सांगतोय, "मी तुजं काम सोपं केलं." मी धावत आले तर पाट चॉकलेटच्या वडीसारखा चमकत होता.

मी ओरडले. खूप ओरडले. म्हटलं, हे सगळं पुसावं लागेल. तो म्हणाला, आता कुठे वेळ आहे, पंखा लाव. मी पंखा लावला. हेअर ड्रायर लावला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी तळवा टेकवला, उचलला.

चट्ट.

दादूस शेजारीच होता. मी म्हटलं, वर लाल कापड घाल, जाड, दुहेरी, त्याच्यावर मूर्ती ठेव. तो हो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी मी काल्हेरला पोचले तेव्हा मूर्ती थेट पाटावर बसलेली. खाली नुसते तांदूळ. "कापडानं सगळा पाटच झाकला जात व्हता," दादूस म्हणाला. "एवढा मस्त केलाय तू." आणि सगळ्यांसमोर खरोखरच म्हणाला, "पाट आमच्या शैलीनं केला!" मला तेव्हा आनंद झाला. हे लिहितानाही लाज वाटते.

बाबा सोफ्यावर बसले होते. पाटाकडे त्यांनी एकदा बघितलं. मग पाच दिवस बघितलं नाही. मी पाया पडायला गेले तेव्हा त्यांनी माझे हात हातात घेतले, बोटांच्या पेरांत राहिलेला तो तपकिरी रंग बघितला, आणि हात सोडून दिले.

पाचव्या दिवशी गौरी-गणपतीचं विसर्जन. हॉल खचाखच भरलेला, टॉवरमधली माणसं, गावातली माणसं. बारा मजल्यांखाली ढोलवाले तयार. गुरुजींनी उत्तरपूजा सांगितली, अक्षता टाकल्या आणि म्हणाले, आता यजमानांनी मूर्ती जागेवरून थोडी हलवावी. आमच्याकडे हा मान बाबांचा. बाबा धरून धरून उठले, दोन्ही हात मूर्तीला लावले.

मूर्ती हलली नाही.

बाबांनी पुन्हा जोर लावला. नाही. दादूसने लावला. नाही. आणि मग दादूसचा तो आवाज, अजून कानात आहे:

"बाप्पाला जायचं न्हाय! बाप्पाला आमच्याच घरात ऱ्हायचंय!"

बास. हॉलमध्ये जो गजर उठला! बायकांच्या डोळ्यांत पाणी, मोबाइल वर, वहिनी नमस्कार घालतेय. पुन्हा आरती झाली. दादूस घामाघूम, डोळे भरलेले. खोटं नव्हतं ते रडणं, हे मला मान्य करावं लागेल. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. कारण त्याच भरात त्याने बाबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "बाबा, देवानंच सांगितलं. आता गणपती कायम इथंच."

बाबा काय बोलणार? त्यांच्या मुलाने शब्द मोडला असता तर ते भांडले असते. इथे देवच उभा केला होता समोर. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि थांबली.

माझ्या तोंडात एक वाक्य होतं. "दादूस, रंग ओला होता." चार शब्द. अब्दुलचाचांनी सांगितलेलं, मी न ऐकलेलं, त्याने थापलेलं, सगळं त्या चार शब्दांत आलं असतं. पण हॉलमध्ये पन्नास माणसं होती, त्यांतली निम्मी माझी गिऱ्हाइकं व्हायची होती. "पाट शैलीनं केला" हे सगळ्यांनी ऐकलेलं. मी खाली बघितलं. मूग गिळून बसणं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी दादूसने आणि वहिनीच्या भावाने मूर्ती अशी इकडून तिकडे हलवत हलवत सोडवली. चर्रर्र आवाज झाला. तळाची माती पाटावरच राहिली, तांदळाच्या दाण्यांसकट. "पाऊल उमटवून गेला!" कुणीतरी म्हणालं. मग काय, पाट काचेच्या कपाटात गेला.

तेव्हापासून दरवर्षी काल्हेरला गणपती, आणि दरवर्षी याच दिवसांत दादूस तो व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो. खाली हात जोडल्याच्या ओळीच्या ओळी. एका वर्षी त्याचं बघून तिथल्या तीन घरांनी मला पाट रंगवायला दिले. मी रंगवले. तिन्ही आधी कोरडे ठाक करून.

आणि बाबा? ते काल्हेरला जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. चतुर्थीच्या सकाळी पुढच्या खोलीतला उजवा कोपरा स्वतः झाडतात, शेणाने सारवल्यासारखा फरशीवर ओला फडका फिरवतात, एक समई लावतात आणि समोर खुर्ची टाकून बसतात. मी मोदक घेऊन जाते. खातात. "बरे झाल्येत," म्हणतात. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत मोदक खाणारा म्हातारा माणूस मी सलग तीन वर्षं बघितला, आणि दरवर्षी घरी येऊन नवऱ्यावर भांडी आपटली. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

तर मंगळवारी पाट आला. बुधवारी मी तो भिंतीकडेच ठेवला. गुरुवारी सकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला, या वर्षीचा. दादूसने खाली लिहिलं होतं, "ज्याच्या घरी देव स्वतः राहतो." मी फोन उलटा ठेवला, पाट टेबलावर घेतला आणि पॉलिश पेपर काढला. सगळ्यात जाडा.

आधी थिनर ओतला. चार वर्षं झाली तरी खालचा थर अजून मऊच होता, नखाने ओरखडला तर निघत होता. मेणासारखी गुंडाळी होऊन येत होती. मग पत्र्याच्या पट्टीने खरवडलं, मग पेपर. ते पाऊल, ते बाप्पाचं पाऊल, मातीच्या ढेकळासारखं सुटून आलं. तांदळाचे सतरा-अठरा दाणे निघाले, वॉलनट रंगाचे. ते मी वाटीत काढून ठेवले. देवाचे तांदूळ आहेत, देवाशी माझं भांडण नाही.

मी रडत होते का? हो. शिव्या देत होते आणि रडत होते. दादूसला, स्वतःला, काल्हेरच्या त्या लिफ्टला, या मेल्या दमट हवेला. हाताची सालं निघाली. पेपर मारता मारता खाली ती फळी दिसायला लागली. गुळगुळीत राहिली नव्हती, माझ्या पेपरचे ओरखडे होते. जे मला तेव्हा करायचं नव्हतं तेच आता करावं लागलं, आणि आता ते कधीच भरून येणार नाही.

दुपारी पाट काखेत घेऊन बाबांकडे गेले. ते खुर्चीत बसले होते. मी पाट त्यांच्या मांडीवर ठेवला, वाटी ठेवली, आणि एका दमात सगळं सांगितलं. तेल, चाचा, पेपर, दादूसचा थर, कापड, चट्ट आवाज.

बाबा पाटावरून बोट फिरवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मना म्हाईत हाय."

"काय?"

"मूर्तीला हात लावला तवाच कळलं. थिनरचा वास येत व्हता. मी सुतार हाय, शैले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ते माझ्याकडे बघायला लागले. अगदी त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"मी बोललो असतो तर म्हाताऱ्याला काल्हेर नको हाय म्हणून बोलतंय, असं झालं असतं. रंग तू लावला. तू बोलायचं व्हतं." मग म्हणाले, "गणपती तिथं बसला, त्याचं मना काय न्हाय. देव कुठंबी बसंल. मी तुजी वाट बगत व्हतो. चार साल."

मला दादूसवर ओरडता येतं. नवऱ्यावर, गिऱ्हाइकांवर, पावसावर, डब्यावर ओरडता येतं. त्या वाक्यावर ओरडायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी फोन काढला. बाबांच्या मांडीवरच्या उघड्या पाटाचा फोटो घेतला, वाटीतल्या तांदळाचा घेतला, आणि ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ होता तिथेच, त्याच्याच खाली टाकले. मग बटण दाबून धरलं आणि बोलले.

"मी शैला बोलतेय. बाप्पा अडून बसला नव्हता. रंग ओला होता. तेलकट पाटावर मी लावला, वरून दादूसने थापला, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं. गणपती एकच वर्ष काल्हेरला न्यायचं ठरलं होतं. यंदा तो पूर्ण्याला बसेल. ज्याला यायचं त्याने यावं."

बटण सोडलं. गेलं. एकेकाने ऐकल्याच्या खुणा उमटायला लागल्या. हात जोडलेला एकही आला नाही. मग दादूसचा फोन वाजायला लागला. वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. आज ना उद्या उचलेन आणि जे व्हायचं ते भांडण होईल. होऊ दे. चार वर्षं उशिरा होतंय.

बाबांनी पाट दोन्ही हातांनी सरळ केला. ओरखडे बघितले. मग त्यांनी आपला उजवा तळवा बरोबर मधोमध टेकवला, जिथे ते पाऊल होतं. दाबून धरला. बाहेर एक कंटेनर गेला, घर हादरलं.

त्यांनी हात उचलला. सहज सुटला.

"तेल आण," ते म्हणाले.